चार्जशीटवरचा शब्द

माझी नात यंदा नववीत आहे. शाळा सेमी इंग्लिश, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकीचे मराठीत. संध्याकाळी नळ येऊन गेला, हंडे-बादल्या भरून झाल्या की ती पुढच्या खोलीत अभ्यासाला बसते आणि मी तिच्या शेजारी बसतो. शिकवण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. मी दहावी नापास. १९७९ ते २०१५ अशी छत्तीस वर्षे अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून राबलेला माणूस. पण पोरगी मोठ्याने वाचते आणि म्हातारा ऐकतो, एवढ्याने घर भरल्यासारखे वाटते.

मध्यंतरी विहारातल्या निबंध स्पर्धेसाठी ती बाबासाहेबांवरच्या एका इंग्रजी पुस्तकातून टिपणे काढत होती. लिहिता लिहिता थांबली आणि मला म्हणाली, "आजोबा, आपली माणसं पूर्वी सगळी डिप्रेशनमध्ये होती का?"

मला कळेना ही काय विचारते आहे. तिने पुस्तक पुढे केले. त्यात छापले होते, डिप्रेस्ड क्लासेस. तिला डिप्रेशन माहीत ते टीव्हीवर आणि मोबाईलवर सांगतात ते, मनाच्या आजाराचे. भूगोलात दुसरे डिप्रेशन आहे, कमी दाबाचा पट्टा, तो आला की पाऊस येतो. आणि क्लास म्हणजे तर शिकवणीचा क्लास. मी तिला सांगितले, "बाळा, डिप्रेस्ड म्हणजे दाबून ठेवलेले. वरून पाय ठेवून दडपलेले. दलित म्हणजे तेच." ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "आणि शेड्यूल्ड म्हणजे? शेड्यूल तर टाइमटेबल." तेही सांगितले, की १९३५ च्या कायद्याला जोडून जातींची यादी झाली, त्या यादीला इंग्रजीत शेड्यूल म्हणतात, मराठीत अनुसूची. गाडीचे टाइमटेबल आणि आपली जात या दोघांना एकच शब्द.

"मग कुठला अर्थ घ्यायचा ते कळणार कसं?" तिने विचारले.

हा प्रश्न मला कोणी १९८६ साली विचारला असता तर बरे झाले असते. ती हकीकत सांगतो.

आधी आमच्या पत्त्याविषयी थोडे. आमचा पत्ता उल्हासनगर कॅम्प नंबर चार. गावाकडचे नातेवाईक पहिल्यांदा यायचे तेव्हा विचारायचे, "तुम्ही मिलिटरीत राहता काय?" त्यांचे अगदीच चुकत नव्हते. दुसऱ्या महायुद्धात इथे सैन्याची मोठी छावणी होती, कल्याणची ट्रान्झिट कॅम्प. युद्ध संपले, फाळणी झाली आणि त्याच बराकींत सिंधी निर्वासितांना आणून ठेवले, तेव्हा तीच निर्वासितांची छावणी झाली. १९४९ साली उल्हासनगर असे नाव मिळाले. सैन्य गेले, निर्वासित दुकानदार-कारखानदार झाले, आमच्यासारखी माणसे दुष्काळाच्या मागून पोट घेऊन इथे आली, तरी कॅम्प हा शब्द काही हलला नाही. आता आरोग्याचाही कॅम्प असतो, रक्तदानाचाही असतो, श्रामणेर शिबिरालाही पोरे कॅम्पच म्हणतात. रोज तोंडात असलेला शब्द आपण तपासत नाही. तसेच माझे झाले, फक्त माझा शब्द कॅम्प नव्हता, चार्ज होता.

केमिकल कंपनीत ज्याने काम केले नाही त्याच्यासाठी सांगतो. आमचा रिॲक्टर म्हणजे तीन हजार लिटरचे बंद भांडे, बाहेरून जॅकेट, जॅकेटमध्ये कधी वाफ तर कधी थंड ब्राइन. वर मोटर, मोटरीखाली लांब दांडा, दांड्याला पाती. त्याला म्हणायचे ॲजिटेटर. मॅनहोल उघडून कच्चा माल आत टाकला की बॅच चार्ज झाली. मग ॲजिटेटर चालू. सहा तास, आठ तास, जशी बॅच असेल तसे. रिॲक्शन पुरी झाली की खालचा व्हॉल्व्ह उघडून माल काढायचा, तो डिस्चार्ज. चार्ज, ॲजिटेट, डिस्चार्ज. हे तीन शब्द मी दिवसातून पन्नास वेळा बोलत होतो आणि ते मला मराठीच वाटत होते. आमच्या खात्यात तेलुगू होते, भय्ये होते, मलबारी होते, सगळ्यांचे ते शब्द एकच. इंग्रजी येत नाही असे आम्हाला कधी वाटलेच नाही.

१९८६ च्या पावसाळ्यात पॅकिंगचा प्रश्न निघाला. आमच्या मालाची पिवळी पूड व्हायची, रंगाच्या कारखान्यात जाणारी. ती सुकवून ड्रममध्ये भरायला ठेकेदाराची माणसे असत. आम्हा पर्मनंट लोकांना हातमोजे आणि महिन्याला साबणाच्या वड्या मिळत, त्यांना काही नाही. पूड पावसाळी हवेत अंगाला चिकटायची. त्यांचे तळवे फुटून पाणी येई. जेवणाच्या सुटीत एक पोरगा डाव्या हाताने भाकरी खात होता, कारण उजव्याची बोटे वळत नव्हती. मी त्यांना म्हणालो, आपण सगळ्यांनी मिळून मॅनेजरकडे जाऊ, हातमोजे मागू. पर्मनंटही येतील. एवढेच. दोन दिवसांनी पंधरा-वीस जण गेलो, बोललो, परत आलो. कोणी काम बंद ठेवले नाही, घोषणा दिली नाही.

पुढच्या आठवड्यात सुटीच्या वेळी टाइम ऑफिसमध्ये मला एक कागद दिला आणि दुसऱ्या प्रतीवर सही घेतली. कागद सगळा इंग्रजीत, टाइप केलेला. माथ्यावरचे मोठे अक्षर मी जुळवून वाचले, चार्जशीट. मला वाटले, नव्या बॅचचा कागद असेल. किती किलो काय, किती लिटर काय, कोणत्या टेम्परेचरला टाकायचे, असा कागद आम्हाला प्रत्येक नव्या मालाला मिळत असे. माझ्या नावाने आला म्हणजे नवी बॅच माझ्या हातून काढणार, असे समजून मी घरी येऊन पत्नीला सांगितलेसुद्धा. आज हसू येते. तिला तर अजून येते.

तो कागद दोन दिवस डब्याच्या पिशवीत राहिला. तिसऱ्या दिवशी डब्यातले कालवण सांडले म्हणून पत्नीने कागद धुतल्यासारखा करून दोरीवर वाळत घातला. त्याच संध्याकाळी मामा आले. आमचे सख्खे मामा नव्हेत, पण सगळी वस्ती त्यांना मामाच म्हणायची. रेल्वेत पार्सल क्लार्क होते, कल्याणला. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायचे ते. वर्गणीची पावती द्यायला आले होते. दोरीवरचा कागद त्यांच्या तोंडासमोरच लोंबत होता.

"हा कुणाचा?" त्यांनी विचारले.

"माझा. बॅचचा कागद आहे, मामा."

त्यांनी चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच वाचला. मग खाली बसले. "अरे, ही बॅच नाही. तुझ्यावर आरोप ठेवलेत. बहात्तर तासांत उत्तर द्यायचंय. कागद कधी मिळाला?"

परवा दुपारी मिळाला, म्हणजे हातात एक रात्र आणि अर्धा दिवस उरला होता. पत्नीच्या हातातला कप तसाच राहिला. मोठा मुलगा तेव्हा चार वर्षांचा, धाकटी पोटात. चार्ज म्हणजे माल टाकणे, चार्ज म्हणजे साहेब रजेवर गेला की दुसऱ्याने घेतो तो, चार्ज म्हणजे मोर्चावर पोलीस करतात तो लाठीचा. चौथा अर्थ आरोप, हे मला त्या दिवशी कळले, आणि तोच नेमका माझ्या नावाने आला होता.

मामांनी एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली. मधेच एका ओळीवर ते अडले. इंग्रजी मोठ्याने वाचले, "यू ॲजिटेटेड द वर्कर्स." मी म्हणालो, "मामा, मी ॲजिटेटर चालवतो ते खरं आहे. पण कामगारांना कसा ॲजिटेट करीन?"

मामा हसले नाहीत. त्यांनी मला विचारले, "विहारात बाबासाहेबांच्या फोटोखाली काय लिहिलंय?"

ते कोणाला पाठ नाही? शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.

"बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरला हे इंग्रजीत सांगितलं होतं. अखिल भारतीय डिप्रेस्ड क्लासेसची परिषद होती. एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ. आता बघ, तुझ्या कागदावर कुठला शब्द आहे."

मी कागद हातात घेतला. कालवणाचा पिवळा डाग पडला होता, त्याच्याजवळच तो शब्द होता. अक्षरे जुळवून मी स्वतः वाचला. बाबासाहेबांचा शब्द, आणि कंपनीने तो आरोप म्हणून माझ्यावर लावलेला. अंगावर काटा आला हे खोटे सांगत नाही. भीती होतीच, पण तिच्याबरोबर आणखी काहीतरी होते.

मी लगेच म्हणालो, "मग लिहून देऊ. होय, मी ॲजिटेट केलं."

"मूर्खपणा करू नकोस," मामा म्हणाले. "तू बाबासाहेबांच्या अर्थाने लिहिशील, ते त्यांच्या अर्थाने वाचतील. त्यांच्या डोक्यात ॲजिटेट म्हणजे भडकावणे. शब्द कबूल करायचा नाही. तू काय केलंस ते लिही, आणि तेवढंच लिही."

रात्री साडेअकरापर्यंत बसून उत्तर तयार झाले. मराठीत मी बोललो ते मामांनी लिहिले आणि खाली तेच इंग्रजीत उतरवले. अमुक तारखेला जेवणाच्या सुटीत मी पॅकिंगच्या माणसांना म्हणालो की हातमोजे आपण सर्वांनी मिळून मागू. अमुक तारखेला आम्ही मॅनेजर साहेबांना भेटलो. कामाच्या वेळेत काम थांबलेले नाही. चौकशी मराठीत व्हावी आणि माझ्यातर्फे युनियनचा माणूस बसावा, ही विनंती. बस्स. भडकावले नाही असेसुद्धा लिहिले नाही. का, तर मामांचे म्हणणे, नाही म्हणायलाही तो शब्द आपल्या तोंडाने कशाला उच्चारायचा?

मामांनी त्या रात्री आणखी एक गोष्ट सांगितली, ती पुढे मी स्वतः पडताळून घेतली. कारखान्यात कामगारावर आरोप कसा ठेवायचा, चौकशी कशी करायची याचे नियम ज्या कायद्याने बांधले तो स्टँडिंग ऑर्डर्सचा कायदा एप्रिल १९४६ चा. त्या वेळी केंद्रात मजूर खाते होते खुद्द बाबासाहेबांकडे. जुलै १९४२ मध्ये, म्हणजे ज्या महिन्यात नागपूरला ते तीन शब्द बोलले त्याच महिन्यात, त्यांनी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचा चार्ज घेतला होता. (बघा, हा पुन्हा वेगळा चार्ज.) त्या कायद्यात असे कलम होते की कारखान्याचे नियम दरवाजाजवळ फलकावर लावायचे, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत. आमच्या गेटवर काचेच्या पेटीत नियम होते. इंग्रजी पाने नीट दिसत होती. मराठी पानांवर कोणीतरी सुट्ट्यांची यादी चिकटवली होती. मी सात वर्षे त्या पेटीवरून गेलो, एकदाही थांबून पाहिले नव्हते. चूक कंपनीची होतीच, पण निम्मी माझीही.

चौकशी तीन दिवस चालली. सुपरवायझरने साक्ष दिली की याने कामगारांना भडकावले. आमच्या युनियनच्या माणसाने त्याला एवढेच विचारले, "तुमच्या कानांनी ऐकलेलं वाक्य सांगा." सुपरवायझर खरा माणूस होता. म्हणाला, "हातमोजे मागू, असं म्हणाला." मग प्रश्न आला, "याला तुम्ही भडकावणं म्हणता?" तो गप्प. शेवटी चार दिवस बिनपगारी सस्पेन्शन आणि ताकीद, एवढ्यावर भागले. दिवाळीच्या आत पॅकिंगला हातमोजे आले. साबण मात्र आला नाही.

तेव्हापासून ॲजिटेट हा शब्द माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मामांची जाड डिक्शनरी मी उघडून बसायचो. हलवणे, ढवळणे, घुसळणे, मनात खळबळ उडवणे, एखाद्या प्रश्नावर लोकमत जागे करणे, चळवळ करणे. इतके अर्थ. नंतर वाचनात आले की हे तीन शब्द याच क्रमाने १८८० च्या दशकात लंडनचे समाजवादी कामगारांना सांगत होते. आमच्या मराठीत येताना दोन बदल झाले. ॲजिटेट मधला होता तो शेवटी गेला, आणि त्याचा संघर्ष झाला. शिवाय एज्युकेट म्हणजे सरळ पाहिले तर शिकवा, आपण शिका म्हणतो. मामांचे मत पक्के होते की क्रमाला अर्थ आहे. आधी शिक्षण, मग मने ढवळून काढणे, आणि ढवळलेली मने एकत्र बांधणे हे शेवटचे. संघर्षाला जायचे ते त्यानंतर, बांधून झाल्यावर.

मला मामांचे पटते, कारण ॲजिटेटरजवळ मी छत्तीस वर्षे उभा होतो. ॲजिटेटर कोणाशी भांडत नाही. आतला जड माल तळाशी बसतो, हलका वर तरंगतो, उष्णता एका जागी साठते. पाती फिरत राहिली म्हणजे वरचे खाली जाते, खालचे वर येते, उष्णता सगळीकडे वाटली जाते. सावकाश, पण न थांबता. आणि तो थांबला तर? एकदा नायट्रेशनच्या बॅचवर रात्रपाळीत लाइट गेली. ॲजिटेटर बंद, पण वरून ॲसिडची बारीक धार चालूच राहिली, नव्या पोराच्या ध्यानात आले नाही. लाइट आल्याबरोबर तो मोटरचे बटण दाबायला धावला. मी त्याचा मनगटाला धरून हात ओढला. तळाशी साठलेले ॲसिड एकदम ढवळले असते तर सगळी रिॲक्शन एका क्षणात झाली असती आणि रिॲक्टर उसळला असता. आधी धार बंद केली, थंड ब्राइन सोडले, केमिस्टला उठवले. पहाट झाली सगळे सुरळीत व्हायला. बरेच दिवस न ढवळलेले एकदम ढवळले की काय होते, हे मी डोळ्यांनी पाहता पाहता राहिलो आहे.

तरीही आपली मराठी घोषणा चूक आहे असे म्हणायची माझी छाती नाही. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे म्हणत माणसे रस्त्यावर आली. १९७८ साली विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि प्रत्यक्ष नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडली. मधली सोळा वर्षे नुसती मने ढवळून निघाली नव्हती, घरेही जळाली होती. तिथे संघर्षच म्हणावे लागते. भाषांतर करणाऱ्याने शब्द बदलला असेल, पण लोकांनी तो स्वतःच्या अंगावर झेलून खरा केला. फक्त पोरांना दोन्ही सांगावे, मूळ शब्दही आणि आपलाही.

विहारात एकदा यावरून वाद झाला. एका उपासकाने विचारले, चित्त शांत करा असे धम्म सांगतो आणि बाबासाहेब म्हणतात ॲजिटेट करा, हे जमायचे कसे? प्रश्न बरोबर होता. भन्तेंनी संयुक्त निकायातले संगारव सुत्त सांगितले. पाण्याच्या भांड्यात आपला चेहरा कधी दिसत नाही? पाण्यात लाख, हळद, नीळ असे रंग मिसळले असतील तेव्हा. पाणी उकळत असेल तेव्हा. शेवाळ धरले असेल तेव्हा. वाऱ्याने हलत असेल तेव्हा. गढूळ करून अंधारात ठेवले असेल तेव्हा. वाऱ्याने हलणाऱ्या पाण्याला जे मन लावले आहे त्याला पालीत उद्धच्च-कुकुच्च म्हणतात, चंचलता आणि पश्चात्तापाची टोचणी. इंग्रजीत अशा मनालाही ॲजिटेटेड म्हणतात. म्हणजे घोटाळा धम्मात नाही, बाबासाहेबांतही नाही, इंग्रजीला दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो एवढेच. पालीत उद्धच्च वेगळे आहे आणि आपल्या मराठीत लोकांना जागे करणे वेगळे आहे. मला वाटते बाबासाहेबांना या शब्दांच्या वाटा चांगल्या ठाऊक होत्या. त्यांनी स्वतः पालीचा शब्दकोश तयार केला होता, इंग्रजी, मराठी, गुजराती आणि हिंदी अर्थांसह. महाराष्ट्र शासनाने तो त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात १९९८ साली छापला. संविधानापासून अर्थशास्त्रापर्यंत कामे पडलेली असताना हा माणूस एकेका शब्दाला चार भाषांत अर्थ लिहीत बसला होता. भन्ते हे सांगत असताना मला मात्र वालधुनी दिसत होती. लाख, हळद, नीळ. आमच्या नाल्याला त्या वर्षांत रोज नवा रंग असे.

नाल्यावरून तिसरा शब्द आठवला, डिस्चार्ज. कारखान्यातून पाणी सोडले तर त्यालाही डिस्चार्ज म्हणतात. २०१४ च्या अखेरीला कोणीतरी रात्री टँकर आणून वालधुनीत रसायन ओतले आणि काठावरच्या वस्तीतल्या शेकडो माणसांना श्वास कोंडून दवाखान्यात न्यावे लागले. तिथून घरी सोडले तोही डिस्चार्जच. पण मला जो सांगायचा आहे तो या दोन्हींतला नाही.

चार्जशीटच्या वेळी माझ्याबरोबर मॅनेजरकडे आलेला एक मित्र होता. फिल्टर प्रेसवर काम करायचा. एकाच पाळीत, एकाच लोकलने, विठ्ठलवाडीला बरोबर चढायचो आणि अंबरनाथला उतरायचो. १९९३ मध्ये त्याची छाती धरली. दोन महिने दवाखाना, घर, पुन्हा दवाखाना. एका दिवशी तो दवाखान्यातून घरी आला, त्याच दिवशी कंपनीचा माणूस घरी येऊन कागदावर सही घेऊन गेला. माझा मित्र चौथी शिकलेला. त्याने विचारले, कसला कागद? तो म्हणाला, डिस्चार्जचा. मित्राला वाटले, दवाखान्याचा असेल, बिलाबिलाचे काही. सकाळीच तर तसा एक कागद हातात पडला होता. त्याने सही केली.

तो नोकरीतून कमी केल्याचा कागद होता, आजारपणाच्या कारणावरून. सही होती ती मिळाल्याची आणि कबूल असल्याची. त्या कायद्यात डिसमिस म्हणजे गैरवर्तनाची शिक्षा, आणि डिस्चार्ज म्हणजे डाग न लावता नोकरी संपवणे. डाग नसतो म्हणून शब्द सौम्य वाटतो. पण सततच्या आजारपणावरून नोकरी संपवली तर ती तेव्हाच्या कायद्याच्या भाषेत कामगारकपात ठरत नव्हती, आणि कपातीची भरपाईही मिळत नव्हती. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळाली, ती औषधात गेली. ज्या धुळीने छाती भरली तिचे नाव त्या कागदात कुठे नव्हते.

मी त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होतो. रात्री त्याच्या घरावरून आलो, दिव्याचा उजेड पाहिला, झोपला असेल म्हणून आत गेलो नाही. चार दिवसांनी गेलो तेव्हा त्याने हसत सांगितले की कंपनीचा माणूससुद्धा बघायला येऊन गेला. मी कागद मागितला, वाचला. तोवर मला एवढे इंग्रजी येऊ लागले होते. युनियनने धावपळ केली, पण सही होती. मामा तेव्हा रिटायर होऊन गावी गेले होते. मी एकट्यानेच ते त्याला समजावून सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे मी बरा झालो म्हणून नाही?" १९९५ च्या थंडीत तो गेला.

त्याची पत्नी, आमच्या वहिनी, अजून आमच्या मागच्या गल्लीत राहतात. नातीचा निबंध चालू होता त्याच आठवड्यात त्या कुठल्याशा योजनेचा फॉर्म भरायला आल्या. बरोबर प्लास्टिकची पिशवी होती, तीस वर्षांचे कागद तिच्यात. नातीने सगळे काढून ओळीने लावले आणि एकेक वाचू लागली. दवाखान्याचे कार्ड वाचले, वर लिहिले होते डिस्चार्ज. मग कंपनीचे पत्र वाचले, त्यात पुन्हा डिस्चार्ज. ती थांबली, दोन्हींवरची तारीख बघितली आणि माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. तिने वहिनींना दोन्ही कागदांचा अर्थ नीट सांगितला, सावकाश, मराठीत. वहिनींनी सगळे ऐकून घेतले.

"दवाखान्याचं कार्ड दे इकडं," त्या म्हणाल्या, "त्यावर ह्यांचं वय लिहिलंय. दुसरं तुझ्याचकडे ठेव, निबंधाला लागलं तर."

नातीने ते पत्र वहीत ठेवले आहे. वहीच्या मागच्या पानावर तिने शब्दांची यादी सुरू केली आहे, प्रत्येक शब्दापुढे चार-पाच ओळी मोकळ्या सोडून. ॲजिटेटपुढच्या पाचही भरल्या. परवा तिने मला विचारले, "आजोबा, ढवळणे आणि घुसळणे यात फरक काय?" मी म्हणालो, "आजीला विचार, ताक ती करते."